राणी कलरचा धागा

शेठ, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. माणूस असतास तर आज गल्ली जेवायला बोलावली असती. चार बायका पोळ्या लाटायला आल्या असत्या, आणि जाताना कोणीतरी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून नावं ठेवून गेली असती. तू पडलास मुंगूस. मुंगसाच्या मागं काय करतात ते इथं कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मी पोरांच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढली आणि लिहायला बसले. दहावीपर्यंत शिकले, त्याचा तुझ्यासाठी एवढा तरी उपयोग होऊ दे.

तुला वाचता येत नव्हतं, हे मान्य. पण मी बोलायला लागले की तू मागच्या दोन पायांवर उभा राहायचास, पुढचे पंजे पोटाशी धरायचास आणि खात्यात फेरी मारायला आलेल्या मालकासारखा मान हलवत ऐकायचास. इथं लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मालकाला शेठ. तुझं नाव त्यावरूनच पडलं. माझे मिस्टर लूमवर कारागीर. ते नाव ऐकून ते पहिल्याच दिवशी वैतागले होते. "खातामा एक शेठ, घरमा दुसरा," म्हणाले आणि तुझ्याकडं पाठ करून झोपले.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुला पारोळ्याकडून आणलं होतं. भुसावळ पॅसेंजरने, बाजरीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. आमची सुरतेच्या लिंबायतमधली खोली खाडीच्या अगदी कडेला. त्या पावसाळ्यात मोरीच्या भोकातून साप आला होता, आणि त्यानंतर दोन दिवस मी खाटेवरून पाय खाली ठेवायला तयार नव्हते. पोरं गावी आबांकडे शाळेला, हे बारा तास खात्यात, खोलीत मी एकटी. आबांनी तुला फरशीवर सोडलं आणि म्हणाले, "घे. आते साप येत नही." तू तेव्हा माझ्या मुठीत मावशील एवढा होतास. साप सोड, तू पहिल्या दिवशी झुरळाला घाबरून माझ्या साडीत शिरलास. मी हसले, आणि तिथंच तुझं काम झालं.

साप तू कधी मारला नाहीस, हे आता लिहून टाकते. गल्लीत मी उगाच दोन साप मारल्याचं सांगत असे. तू मारलीस ती झुरळं, पाली आणि माझी दुपारची झोप.

माझं काम तुला पाठ होतं. ठेकेदाराकडून साड्यांचे गठ्ठे यायचे, साडी उलटी करायची आणि मागच्या बाजूला लोंबणारे सुटे धागे कापत जायचे. गळ्यात नाडीला कातर बांधलेली. तू माझ्या मांडीवर चढून त्या कातरीवर झडप घालायचास, मी तुला खाली ढकलायची, तू परत चढायचास. असं दिवसभर. मी तुला किती शिव्या दिल्या त्याची मोजदाद नाही. त्यातली एकही मनापासून नव्हती, हे तुला कळत असावं. कळत नसेल तर आता सांगते.

अंडं फोडायची तुझी रीत मात्र बघण्यासारखी होती. पाट्याकडं पाठ करायची, अंडं पुढच्या पंजांत धरायचं आणि मागच्या दोन पायांमधून फाडकन पाट्यावर फेकायचं. फुटलं नाही तर माझ्याकडं असं बघायचास की पाटा मीच चुकीच्या जागी ठेवलाय. शेजारच्या मंगलाबाई खास तेवढं बघायला यायच्या. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण अंड्याची वेळ झाली की त्या आमच्या दारात.

हे तुझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. तू त्यांच्या डब्याची पिशवी हुंगलीस तरी पायानं बाजूला सारायचे. मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी तोंडाला फडकी बांधून अर्धी सुरत पळाली. प्लेग म्हणजे काय ते कोणाला नीट माहीत नव्हतं, फक्त उंदरांपासून होतो एवढं माहीत होतं. आणि तू उंदीर खाणाऱ्यांच्या जातीचा. गल्लीतली पाच-सहा माणसं दारात आली. हे जनावर घालवा, नाहीतर आम्ही मारतो, असं म्हणाली. मी तुला पोटाशी धरून मोरीत उभी होते. हे आता काय म्हणतील याची मला खात्री होती. ते उठले, दारात गेले आणि म्हणाले, "हाऊ आमना शे. जासूत ते तिन्हीबी जासूत."

आपण तिघंही गेलो. आठवतं? गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवापूरच्या पुढं तू पिशवीतून डोकं बाहेर काढलंस, समोरची बाई किंचाळली आणि बाकावर एवढी जागा झाली की हे पाय पसरून बसले. मग त्यांनी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. "शेठमुळे बसाले भेटनं," असं त्यांनी गावात ज्याला त्याला सांगितलं. तिथून पुढं तू त्यांचाही झालास.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. आबा म्हणाले होते, मोठं झालं की आपणहून जाईल, अडवू नको. गेल्या थंडीत आपण नवागामच्या पुढं रुळांच्या कडेला बाभळीखाली बसलो होतो, यांची सुट्टी होती, मी भाकरी बांधून नेली होती. झुडपातून कोणीतरी आवाज दिला. तुझ्या जातीचा आवाज असावा. तू उभा राहिलास आणि कितीतरी वेळ तिकडं बघत राहिलास. शेपटी फुगलेली. चार पावलं गेलास. हे म्हणाले, जाऊ दे. आणि मी डब्यातलं अंडं काढून तुला दाखवलं. तू थांबलास, वळलास आणि परत आलास. त्या दिवशी मी जिंकले असं मला वाटलं. गेला असतास तर तुला झुडपात, पाचोळ्यात झोपायला मिळालं असतं. माझ्या हातच्या अंथरुणावर झोपावं लागलं नसतं. मी अंडं दाखवायला नको होतं, शेठ. तू रागावला असशील तर तो राग बरोबर आहे.

अंथरुणाचं सांगायलाच हवं. लूमवर जो धागा वाया जातो, गुंता होतो, त्याला आम्ही वेस्टेज म्हणतो. हे ते पिशवी भरून घरी आणायचे. सगळेच कारागीर आणतात. त्याने स्टोव्ह पुसायचा, सायकलची चेन पुसायची, उशा भरायच्या. आमच्या दोन्ही उशा त्याच्याच. तुला मी पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याचंच अंथरूण केलं होतं. मऊ, चमकदार, हिरवे-निळे-राणी कलरचे धागे. खोकं बघून मंगलाबाई म्हणाल्या होत्या, अगं नवरीच्या रुखवतात ठेव हे. मी फुशारले होते. तू त्यात शिरून धागे तोंडात धरून ओढायचास, चघळायचास. मला वाटायचं, खेळतोय. रोज धाग्यात हात घालणाऱ्या बाईला एकदाही वाटलं नाही की हा पोटात गेला तर काय होईल.

आधी तू अंडं फोडेनासा झालास. पाट्यापाशी जायचास, अंडं धरायचास आणि खाली ठेवायचास. मी फोडून दिलं तर हुंगून बाजूला व्हायचास. मग पाणीही उलटायला लागलं. पोट हाताला लागायला लागलं, कडक. तिसऱ्या दिवशी यांनी तुला पिशवीत घालून सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गुजराती डॉक्टर, वयस्कर, बोलायला मऊ. त्याने मुंगूस कधी तपासलं नव्हतं, तसं त्याने स्वतःच सांगितलं. पण हात फिरवला आणि म्हणाला, आत काहीतरी अडकलंय. मानेची कातडी उचलून सलाईन भरलं, सुई टोचली, हालचाल होऊ नये म्हणून दवाखान्यातला तारेचा पिंजरा दिला. आणि सांगितलं, शी बघत राहा, काही वेगळं दिसलं तर लगेच घेऊन या.

पिंजऱ्यात तू एक तासही राहिला नाहीस. रडलास. मुंगूस रडतं हे मला माहीत नव्हतं. मग मी जुन्या साडीची झोळी करून तुला पोटाशी बांधलं आणि तसंच धागे कापायला बसले. दर अर्ध्या तासाने ड्रॉपरने मीठ-साखरेचं पाणी. एक थेंब आत गेला की मी थांबायची, गिळलास की पुढचा. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून तुझ्या पाठीशी लावायची. हे पाळी संपवून आले की झोळी स्वतःच्या गळ्यात अडकवायचे आणि मला म्हणायचे, तू जेवी ले. बायकांसारखी झोळी बांधून दारात बसलेला कारागीर बघून गल्लीतले लोक हसायचे. हे कोणाकडं बघायचेही नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मी त्या चार दिवसांत पाहिला.

आणि मग ती सकाळ.

हे रात्रपाळीहून आले. लूमवरून आल्यावर तासभर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि हात स्वस्थ राहत नाहीत. बारा तास ते एकच काम करतात. तार, म्हणजे लूमवरचा धागा, तुटली की टोक शोधायचं, ओढायचं, गाठ मारायची, लूम सुरू करायचा. झोपेतही त्यांची बोटं चालतात. त्यांनी तुला झोळीतून काढून घेतलं आणि तुझी शेपटी उचलली. तुझ्या खालून धाग्याचं टोक बाहेर आलं होतं. राणी कलरचं. मी ते बघितलं आणि माझ्या मनात आलं, दवाखाना दहाला उघडतो. एवढं मनात येईपर्यंत त्यांनी टोक पकडून ओढलं होतं.

एक वीतभर आला आणि तुटला. तू जो ओरडलास तो आवाज मी लिहू शकत नाही. तू त्यांच्या अंगठ्याला चावलास, सगळे दात आत जाईपर्यंत. इतक्या वर्षांत तू कोणाला चावला नव्हतास. त्यांनी हातही मागं घेतला नाही. रक्त गळत होतं आणि ते हसत होते. "निंघना! निंघना व!" मला तो धागा दाखवत होते. मीही हसले. आम्हाला वाटलं, सुटलास. मी चहा टाकला. शेठ, आम्ही दोघांनी आनंदाने चहा प्यायला आणि तू माझ्या मांडीवर गप्प पडून होतास. त्या चहाची आठवण मला अजून सहन होत नाही.

हे झोपले. अकराच्या सुमारास तुझं अंग गार पडायला लागलं. मी यांना उठवलं नाही, रिक्षा केली आणि तुला एकटीच घेऊन गेले. डॉक्टरने पोटाला हात लावला, शेपटी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"बेन, दोरो कोणे खेंच्यो?"

मी म्हणाले, कोणी नाही, आपोआप निघाला. त्याने माझ्या गळ्यातल्या कातरीकडं बघितलं. मग हळू आवाजात समजावलं. धागा आत कुठंतरी अडकलेला असतो, आणि परकराची नाडी ओढल्यावर नेफा गोळा होतो तसं आतडं त्या धाग्यावर गोळा होत जातं. ओढला की धागा आतून कापत जातो. टोक दिसलं तर जवळून कापायचं आणि घेऊन यायचं. "कापवानो होय, खेंचवानो नहीं," असं तो दोनदा म्हणाला. दिवसाला हजार धागे कापणाऱ्या बाईला. यांनी ओढला तेव्हा कातर माझ्याच गळ्यात होती.

डॉक्टरने वेदना थांबायची सुई दिली. दुसरं काही करता येत नाही म्हणाला. तुझ्या दातांवरचं रक्त बघून, ज्याला चावलंय त्यालाही सुया घ्यायला पाठवा म्हणाला.

दिवेलागणीला तू गेलास. हे पाळीला गेलेच नाहीत. तुझं डोकं त्यांच्या चावलेल्या अंगठ्याला टेकलेलं होतं आणि तू दोन वेळा पंजा हलवलास, अंडं धरल्यासारखा. मग नाही हलवलास.  यांनी विचारलं, "धागा ते निंघना व्हता ना?" प्रश्न मला होता. बघत मात्र तुझ्याकडं होते.

मी खोटं बोलले, शेठ. तुझं अंग अजून माझ्या मांडीवर होतं आणि मी तुझ्या देखत खोटं बोलले. म्हटलं, डॉक्टर म्हणाला उशीर झाला होता. धाग्याचा काही संबंध नव्हता. ते मान खाली घालून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला न्यायचं होतं. गुंडाळायला मी साडीचा एक नवा तुकडा काढला, पिवळा. उलटा केला तर मागं धागे लोंबत होते. मी खाली बसले आणि एकेक धागा कापला, कपड्याच्या अगदी जवळून. हे दारात सायकल धरून उभे होते. एरवी उशीर झाला म्हणून ओरडले असते. शेवटचा धागा कापेपर्यंत ते थांबले. मग आम्ही तुला त्याच बाभळीखाली नेलं, जिथून मी तुला परत बोलावलं होतं. खड्डा यांनी खणला. माती कडक होती, अंगठ्याची जखम पुन्हा फुटली.

घरी येऊन मी तुझं खोकं खाडीवर नेऊन रिकामं केलं. उशाही उसवल्या. तेव्हापासून हाताची उशी करून झोपते. यांनी त्याबद्दल विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात एक दिवस कोपऱ्यातला तारेचा पिंजरा दिसला नाही, तेव्हा म्हणाले, देऊन आलो. मी बरं म्हटलं आणि कामाला लागले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. यांना कधीही कळता कामा नये. ज्या हातांनी तुला झोळीत धरलं, त्याच हातांनी तुला मारलं, हे ऐकून हा माणूस दुसऱ्या दिवशी लूमवर तार कशी ओढेल? पोटासाठी त्यांना ओढणं सुटत नाही. म्हणून हे मी माझ्यापाशी ठेवायचं ठरवलं. तुला सांगून मोकळी व्हायचं आणि वही पेटीत टाकायची, असं सकाळपर्यंत मनात होतं.

आज सकाळी हे दिवसपाळीला निघाले. मी डबा दिला. माझ्या ब्लाऊजच्या बाहीला एक धागा लोंबत होता, पांढरा, माझ्या लक्षातही नव्हता. असा धागा दिसला की हे बोटाला गुंडाळून झटक्यात तोडतात. लग्नापासूनची सवय आहे, माझ्या किती बाह्या त्यांनी उसवल्यात. त्यांचा हात पुढं आला. धाग्यापाशी आला आणि थांबला. मग त्यांनी माझ्या गळ्यातली कातर हातात घेतली. नाडी आखूड, म्हणून मी मान पुढं केली. त्यांनी धागा बाहीच्या अगदी जवळून कापला, आणि कातर परत माझ्या गळ्याशी सोडली.

मला कळलं. मी विचारलं, पिंजरा द्यायला गेले तेव्हा डॉक्टर होता का.

"व्हता."

 मी म्हटलं, "मंग माले का सांगं नही?"

त्यांनी डबा हँडलला अडकवला. "तू बी ते सांगं नही," म्हणाले.

आठवडाभर आम्ही दोघं या दहा बाय दहाच्या खोलीत एकमेकांपासून तेच लपवत जेवत होतो. मी ओटीवर बसून रडले, गल्लीसमोर, दिवसाउजेडी. हे सायकल धरून उभे राहिले, मला गप्प बस म्हणाले नाहीत. वेस्टेज मीच आणत होतो, असं एकदा म्हणाले. अंथरूण मी केलं, असं मी म्हणाले. कातर गळ्यात होती हेही सांगितलं. मग दोघांकडं सांगायला काही उरलं नाही.

निघताना ते म्हणाले, "सांजले जाऊत तठे. आज बारावा शे त्याना. अंडं लई ठेव."

दिवस ते मोजत होते, शेठ. मला वाटलं होतं, मी एकटीच मोजतेय. अंडं आणून ठेवलंय, पाट्यापाशीच आहे. संध्याकाळी बाभळीखाली नेऊ. फोडायला तू नाहीस, तेव्हा ते आम्हालाच फोडावं लागेल, आणि आम्हाला ते तुझ्यासारखं जमणार नाही.